पहाटेचा लाल दिवा

पहाटे पावणेसहाला पाय खाली टेकवले आणि फरशी गार लागली, की खाली न जाताच मला कळायचं: बॉयलर, म्हणजे पाणी तापवून घर ऊबदार ठेवणारं आमचं तेलाचं यंत्र, आजही रुसलाय. हिटिंग साडेपाचला सुरू व्हायला लावलेलं. पंधरा मिनिटांत गरम पाणी फिरतं त्या रेडिएटरच्या पाइपांची कुरकुर ऐकू यायला हवी. ती नाही आली की शाल गुंडाळायची, टॉर्च घ्यायचा, तळघराचा जिना उतरायचा आणि बर्नरवरचं (बॉयलरच्या तेल पेटवणाऱ्या भागावरचं) पेटलेलं लाल बटण दाबायचं. मोटर घूंऽऽ करते, बारा-पंधरा सेकंद नुसता पंखा फिरतो, मग ठिणगीची चरचर आणि भप्प! पेटला. त्यानंतर दिवसभर एक तक्रार नाही.

रोज झालं असतं तर एकवेळ परवडलं असतं. पण हे आठवड्यातून चारदा, मग तीन दिवस चिडीचूप, मग सलग दोनदा. नवरा म्हणाला, "अगं, एक बटण तर दाबायचंय, दाबायचं." रोज मरे त्याला कोण रडे, त्यातली गत. दाबायला पहाटे तो उतरत नव्हता, हा भाग वेगळा.

हा लाल दिवा कशाला लागतो ते आधी सांगते, कारण मलाही ते उशिरा कळलं. तेलाच्या बर्नरवर एक कंट्रोल बॉक्स असतो. उष्णता हवी असा निरोप आला की तो आधी पंखा फिरवून भट्टीतली जुनी हवा बाहेर काढतो. मग ठिणगी पाडतो आणि तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो. पंपानं दाबलेलं तेल नोझलच्या बारीक भोकातून धुक्यासारखं उडतं आणि पेट घेतं. ज्योत दिसली का, हे बघायला फोटोसेल नावाचा चिमुकला डोळा असतो. आमच्या बर्नरला दहा सेकंदांची मुदत आहे (मॉडेलप्रमाणे ती कमी-जास्त असते). तेवढ्यात डोळ्याला उजेड दिसला नाही, तर बॉक्स तेल तोडतो आणि कुलूप घालून बसतो. हेच लॉकआउट. आता कुणीतरी माणूस येऊन बटण दाबेपर्यंत तो हलणार नाही.

आणि हे कुलूप घालण्यामागे कारण आहे. पहिल्याच आठवड्यात मी एका पहाटे वैतागून लागोपाठ चारदा ते लाल बटण, म्हणजे रीसेट, दाबलं. प्रत्येक खेपेला थोडं न जळलेलं तेल भट्टीत साठत गेलं असणार. चौथ्या वेळी पेटलं ते असं, की धडाम आवाज झाला, धुराड्याचा जोड हादरला आणि तळघरभर काजळीचा वास दोन दिवस राहिला. तेव्हापासून घरात नियम: दोनदा दाबायचं, तिसऱ्यांदा हात लावायचा नाही, मेकॅनिकला फोन करायचा.

मेकॅनिक आला सकाळी अकराला. बर्नर त्याच्यासमोर शहाण्या मुलासारखा वागला. सहा वेळा बंद-चालू केला, सहाही वेळा पहिल्या फटक्यात पेटला. त्यानं फोटोसेल उपसून काढला. काच काजळीनं तपकिरी झाली होती. (माझ्या त्या चार रीसेटचीच कृपा असावी. हे मी त्याला सांगितलं नाही.) मऊ फडक्यानं ती पुसली, मीटर लावून अंधारात आणि उजेडात सेलचा विद्युतरोध पाहिला, ठीक होता. तरी सेल बदलला, नोझल बदललं, ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकांतलं अंतर मोजून नीट केलं, शेवटी धुराड्यात नळी घालून वायूंचं माप घेतलं. काम चोख. त्याच आठवड्यात टाकीत तेल भरून घेतलं. त्यानंतर तीन आठवडे पहाटे पाइप कुरकुरत होते आणि मी भेटेल त्याला फोटोसेलचं माहात्म्य ऐकवत होते.

बाविसाव्या दिवशी फरशी परत गार.

मी आयुष्यभर लोकांचे जमाखर्च जुळवत आले. एखादी रक्कम कधी जुळते, कधी जुळत नाही, असं होत नसतं. आपण एखादा रकाना मांडलेला नसतो, एवढंच. म्हणून वही काढली. तारीख, वेळ, त्याआधी बर्नर किती तास बंद होता, बाहेर थंडी किती, वारा होता का, टाकीचा काटा कुठे, किती रीसेटला पेटला. वाऱ्याचा रकाना नवऱ्याच्या आग्रहाखातर. धुराड्यातून वारा उलटा शिरतो आणि ज्योत विझवतो, असा त्याचा ठाम सिद्धांत होता. सिद्धांत वेडगळ नव्हता, तसं होतंही. पण माझ्या वहीत सोसाट्याच्या वाऱ्याच्या चार रात्री बिनघोर गेल्या आणि पान हलत नव्हतं अशा पहाटे दिवा लागला. रकाना खोडला. थंडीचंही तसंच. कडाक्याच्या थंडीत तेलातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो हे खरं, पण आमची टाकी तळघरात, बॉयलरपासून चार पावलांवर. तिथे बादलीतलं पाणीसुद्धा कधी गोठलं नाही.

तेवीस दिवसांत चौदा लॉकआउट. त्यांतले अकरा पहाटेचे. उरलेले तीन संध्याकाळचे, आणि तिन्ही दिवशी आम्ही सकाळपासून बाहेर गेल्यामुळे हिटिंग बंद होतं. म्हणजे घड्याळात किती वाजलेत याच्याशी संबंध नव्हता. बर्नर सहा-सात तास गप्प पडला होता, हे महत्त्वाचं. दुसरा रकाना त्याहून बोलका. चौदाच्या चौदा वेळा टाकीचा काटा अर्ध्याच्या खाली. आणि ते माहात्म्याचे तीन आठवडे? टाकी भरलेली होती. फोटोसेल बिचारा उगाच हार घालून घेत होता.

लांब विश्रांती आणि टाकीतली पातळी. मला यातून एकच सुचलं, की तेल बर्नरपाशी टिकत नाही, मागे सरकतं. पण मागे सरकायचं तर त्याच्या जागी काहीतरी यायला हवं.

मेकॅनिकला परत बोलावलं. तो म्हणाला, अकरालाच जमेल. म्हटलं, चालेल. आणि आदल्या रात्री दहाला हिटिंग बंद केलं ते सकाळी चालूच केलं नाही. घरातली सगळी कोट घालून माझ्याकडे खाऊ का गिळू बघत होती. नवऱ्यानं दोनदा विचारलं, "नुसतं दाबून बघू का?" म्हटलं, त्या बटणाला हात लावलास तर बघ. मागच्या वेळी हेच झालं होतं: पहाटे मी रीसेट करून बर्नर जागा करायची आणि अकराला मेकॅनिक ठणठणीत रोगी तपासायचा.

या वेळी रोगी तापानं फणफणलेला मिळाला. त्यानं पंपाला प्रेशर गेज लावलं आणि म्हणाला, आता चालू करा. पंखा फिरला, ठिणगी चरचरू लागली, व्हॉल्व्ह टक् करून उघडला. गेजचा काटा दोन बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) चढला, थरथरला, पडला, परत चढला. नोझलमधून फुस्स असा कोरडा आवाज. दहा सेकंद संपले आणि लाल दिवा लागला. मला इतका आनंद झाला की त्यानं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. मग रीसेट. या वेळी काटा दोन-तीन सेकंद चाचरला आणि सरळ आठ बारवर जाऊन बसला. भप्प.

"हवा," तो म्हणाला.

त्यानं बर्नर बंद करून फिल्टर आणि पंप यांच्यामधली नळी सोडवली आणि तिथे वीतभर पारदर्शक नळी बसवली. परत पेटवलं. टॉर्च मी धरला होता. नळीतून तेल जात होतं, आणि त्यात सोड्याच्या बाटलीत असतात तसे बारीक बुडबुडे, एकामागून एक. मधेच एखादा मोठा, बोराएवढा, नळीच्या वरच्या कडेला चिकटून रेंगाळायचा आणि मग गटकन पंपात शिरायचा. तो शिरला की भट्टीच्या काचेतून दिसणारी ज्योत क्षणभर लटपटायची. इतके आठवडे मी ज्याच्यामागे वही घेऊन फिरले, ते डोळ्यांनी दिसत होतं.

मग त्यानं टाकीचा संबंधच तोडला. स्वच्छ तेलाचा एक कॅन बर्नरपेक्षा उंच ठेवला, त्यातून नळी थेट पंपाला. हवा काढली, पेटवलं. एक बुडबुडा नाही. म्हणजे पंप निर्दोष, नोझल निर्दोष. दोषी टाकी ते पंप या दोन-अडीच मीटरांतच कुठेतरी.

आमच्या टाकीत तेल वरून ओढलं जातं: नळी टाकीच्या माथ्यातून बाहेर येते, भिंतीवरून जाते आणि खाली फिल्टरपाशी उतरते. पातळी फिल्टरच्या वर असेल तर नळीतलं तेल आपल्या वजनानंच पुढे रेटलं जातं. पातळी खाली गेली की पंपाला ते ओढून घ्यावं लागतं आणि सगळ्या नळीत ओढ राहते. कुठे बारीकसं भोक असेल तर तिथून हवा आत येते, बुडबुडे वर चढतात, तेल टाकीत परततं. बर्नर वीस मिनिटं बंद असेल तर काही बिघडत नाही. रात्रभर बंद असेल तर पहाटे पंपाच्या तोंडी हवा. वर आमची नळी एकच, जादा तेल टाकीत परत नेणारी दुसरी नळी नाही, त्यामुळे अडकलेली हवा जायची ती नोझलमधूनच. ती बाहेर पडेपर्यंत मुदत संपते. रीसेट दाबलं की उरलेली हवा निघायला आणखी दहा सेकंद मिळतात, म्हणून दुसऱ्या खेपेला बहुतेकदा पेटतो.

"टाकी भरलेली असताना फिल्टरखाली ओल दिसली होती का?" त्यानं विचारलं.

दिसली होती. रुपयाएवढा तेलकट डाग. मी दोनदा पुसलाही होता. वहीत त्याला रकाना नव्हता. भोक तेच, टाकी भरलेली असली की त्यातून तेल बाहेर पाझरायचं, खाली गेली की हवा आत शिरायची.

त्यानं फिल्टरचा बाउल उघडला आणि वॉशर नखानं उचकटून काढलं. चपटं, कडक, एका जागी केसासारखी चीर. "हे जुनंच बसवलंय कुणीतरी," असं म्हणत तो पिशवीत नवीन शोधायला लागला. मी काही न बोलता वर गेले. हिवाळा सुरू व्हायच्या आधी फिल्टर मीच बदलला होता. खोक्यात नवीन वॉशर आलं होतं, पण जुनं "चांगलंच दिसतंय की" म्हणून मी तेच परत लावलं होतं. नवीन अजून ड्रॉवरमध्ये होतं, पाकिटासकट. ते आणून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बसवलं.

जाताना त्यानं पंपाआधी हवा वेगळी काढणारी डबी बसवून घ्या म्हणून सांगितलं. पातळी खाली गेल्यावर ओढ राहणारच, आणि जोड काय, कधीही सैल होतात. उन्हाळ्यात बसवू. सध्या टाकी पावच भरलेली आहे आणि वहीतली शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची आहे. नवरा विचारत होता, नक्की काय निघालं? मी म्हटलं, वॉशर जुनं झालं होतं.