पांढरी सहाचा सूर: मुलांना घेऊन ऑर्केस्ट्रा ऐकायला

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं डोंबिवलीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात गेलो. मुलांसाठीचा तासाभराचा ऑर्केस्ट्रा होता, रविवारी संध्याकाळी पाचला. थोरली नऊ वर्षांची, गाण्याच्या क्लासला जाते. धाकटा सहाचा, त्याला दिसेल त्या डब्यावर ताल धरायची सवय. घरात पाश्चात्त्य संगीत कोणीच शिकलेलं नाही, त्यामुळे मुलं कंटाळतील की काय, ही धाकधूक होती. मुलं कंटाळली नाहीत. त्याचं निम्मं श्रेय घरी केलेल्या तयारीला आणि निम्मं बाल्कनीतल्या जागेला आहे.

आधी तयारीचं सांगते. कार्यक्रमात मुख्य रचना होती प्रोकोफिएव्हची ‘पीटर अँड द वुल्फ’. या रशियन संगीतकाराने ती मुलांना वाद्यांची ओळख व्हावी म्हणूनच लिहिली. २ मे १९३६ रोजी मॉस्कोत तिचा पहिला प्रयोग झाला. आपल्या मुंबईचे ऑर्केस्ट्रा-संचालक झुबिन मेहता त्याच्या तीनच दिवस आधी जन्मले. गोष्टीतल्या प्रत्येक पात्राला एक वाद्य दिलेलं आहे. पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे ‘बसून’ नावाचं खर्जातलं फुंकून वाजवायचं वाद्य, लांडगा म्हणजे तीन हॉर्न, आणि पीटर म्हणजे व्हायोलिन घराण्याचा सगळा ताफा. शिकाऱ्यांच्या बंदुका टिंपनी (नगाऱ्यासारखे ड्रम) आणि मोठ्या ड्रमवर वाजतात.

निवेदन इंग्रजीत असणार हे माहीत होतं. म्हणून आठवडाभर रात्री झोपताना मी ही गोष्ट मराठीत सांगितली, अगदी आजोबांचा आवाज काढून. गोष्ट पाठ झाल्यावर दोन-तीन दिवस फोनवर नुसते सूर ऐकवले आणि ‘कोण आलं?’ एवढंच विचारलं. इतकी तयारी पुरते. संगीतकाराचं चरित्र, वाद्यांची यादी वगैरे सांगत बसू नका. मुलांना ओळखीचं माणूस भेटायला जायचं आहे असं वाटलं पाहिजे.

आता जागेचं. आम्ही बाल्कनीतली पहिली रांग घेतली, आणि हा सल्ला मी कोणालाही छातीठोकपणे देईन. नाटकाला आपण पुढची खुर्ची धरतो, इथे तसं करू नका. कार्यक्रम झाला ते एनसीपीएतलं जमशेद भाभा थिएटर १,१०९ खुर्च्यांचं आहे. अगदी पुढे बसलात तर मुलांना व्हायोलिनवाल्यांची कोपरं तेवढी दिसतात. बासरी, ओबो, हॉर्न त्यांच्या मागे बसतात आणि टिंपनी तर पार शेवटी. वरून मात्र सगळा संसार मांडलेला दिसतो. कुठला सूर कुठून येतोय ते मुलं बोट दाखवून शोधू शकतात. शिवाय वरची तिकिटं बहुधा स्वस्त असतात. खुर्च्या कडेच्याच मागा. धाकट्याला मध्येच बाथरूमला जावं लागलं तेव्हा आम्ही कोणाचे पाय न तुडवता निसटलो.

सुरू होण्याआधीची पाच मिनिटं चुकवू नका. वादक एकेक करून येतात, सगळा गलबला चालू असतो, आणि मग ओबो एक लांब सूर धरतो. त्यावर सगळे आपापली वाद्यं जुळवतात. थोरली माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आई, हे सा लावतायत!” क्लासमध्ये तानपुऱ्यापासूनच सुरुवात होते, त्यामुळे तिला ते सांगावं लागलं नाही. हा सूर म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा, सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. ओबो हे सनईच्याच घराण्यातलं, दोन पात्यांच्या पत्तीचं वाद्य आहे हेही मी तेव्हाच सांगितलं. मग बदकाचा आवाज तसा का येतो, ते तिला कळलं.

धाकट्याचे डोळे मात्र टिंपनीवर खिळले. ते काका मध्येच वाकून कान चामड्याला टेकवत, बोटाने अगदी हलकं टिचकत आणि पायाखालचा पेडल हलवून सूर चढवत-उतरवत होते. बाकीचा ऑर्केस्ट्रा वाजत असताना! आमच्या शेजारी तबला शिकवतात, ते हातोडीने गट्टे ठोकून तबला लावतात. “हे पायाने लावतात,” असं तो दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन सांगून आला. हॉर्नवाले उजवा हात वाद्याच्या तोंडात घालून बसतात, हेही त्यानेच मला दाखवलं.

पीटरच्या आधी सां-सांस या फ्रेंच संगीतकाराच्या ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’मधले तीन तुकडे झाले: हत्ती, कासव आणि हंस. हत्ती डबल बासवर, म्हणजे व्हायोलिन घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या वाद्यावर. कासवासाठी कॅनकॅन या धावत्या नाचाची चाल मुद्दाम रेंगाळत वाजवतात. मूळ चाल आधी ऐकवून ठेवली तर मुलं खळखळून हसतात. चेलोवरचा हंस सुरू झाल्यावर आख्खी बाल्कनी गप्प झाली. १८८६ची ही रचना, पण तिच्यातला हा हंस सोडला तर बाकी काही आपल्या हयातीत छापायला सां-सांसने परवानगी दिली नाही.

टाळ्यांचं मुलांना आधी सांगा. बैठकीत आपण गाण्यातली एखादी जागा आवडली की तिथल्या तिथे दाद देतो. इथे समोर उभा राहून ऑर्केस्ट्रा चालवणारा कंडक्टर हात खाली घेईपर्यंत थांबायचं. आमच्या धाकट्याने एकदा मध्येच टाळी वाजवली, कोणी रागावलं नाही. जास्त आवाज त्याच्या बुटाच्या वेल्क्रोने केला. हंस चालू असतानाच त्याने बूट काढला आणि करर्र झालं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाडीचे किंवा नुसते सरकवायचे बूट घाला. आत एसी कडक असतो, स्वेटर लागतोच. खाणं आत नेता येत नाही, म्हणून आम्ही थालीपीठ आधीच बाहेर उरकलं.

जायचं कसं? रविवार असल्याने मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघा आणि तासभर हाताशी ठेवून निघा. सीएसएमटीला उतरून भूमिगत मेट्रो धरली तर तिसरं स्टेशन विधान भवन, तिथून चालत जाता येतं. पश्चिम रेल्वेवाल्यांनी चर्चगेटहून टॅक्सी करावी. अर्धा तास आधी पोचा. आतला भव्य संगमरवरी जिना पेटिट हॉल या जुन्या हवेलीतून आणून बसवलाय, मुलांना त्यावर चढउतर करू द्या, तेवढीच रग जिरते.

वयाची अट तिकिटाच्या पानावर नीट वाचा, प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते. २००६ साली सुरू झालेल्या, एनसीपीएच्याच सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मोठे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतात. पण सिम्फनीच्या दोन तासांच्या कार्यक्रमाने सुरुवात करू नका. तासाभराचा, गोष्ट असलेला कार्यक्रम येईपर्यंत थांबलेलं बरं.

सहाला बाहेर पडलो तर समोर मरीन ड्राइव्ह. सूर्य बुडेपर्यंत कठड्यावर बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना मुलं वाद्यं वाटत होती. काठी टेकत जाणारे एक आजोबा अर्थातच ‘बसून’ झाले.

रात्री घरी आल्यावर थोरलीने जेवणाआधी पेटी उघडली, पांढरी सहा दाबून धरली आणि म्हणाली, “हाच होता.” धाकट्याने ताटावरून मान हलवली. “हा नाही. त्याला नाक होतं.”