जड सॅक घेऊन अस्तंभा, आणि मागून जाणाऱ्यांसाठी थोडं

सातपुड्यात फिरायला म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक लोक तोरणमाळ गाठतात, गाडी थेट वर जाते, यशवंत तलाव झाला, सीताखाई झाली की संध्याकाळी शहाद्याला परत. छानच आहे ते. पण तंबू, शिधा, भांडी सगळं पाठीवर घेऊन डोंगरात मुक्काम करायचा असेल तर मी नंदुरबार जिल्ह्यातला अस्तंभा डोंगरच सांगेन. १३२५ मीटर उंच आहे, आणि शाळेच्या भूगोलात शिखरांच्या यादीत नाव वाचलेलं असूनही खान्देशाबाहेरचं कोणी फारसं तिकडे फिरकत नाही.

आम्ही डिसेंबरात गेलो, मुद्दाम यात्रा सोडून. यात्रा दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला असते, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात आणि रात्रीची चढाई करतात. अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत अजून या डोंगरात फिरतो अशी श्रद्धा आहे. यात्रा एकदा तरी बघाच, पण लहान पिशवी घेऊन, कारण अरुंद वाटेवर त्या गर्दीत मोठी सॅक म्हणजे मागच्या माणसाला धोका.

जायचं कसं, तर सुरत-भुसावळ लाईनवर नंदुरबार स्टेशन, तिथून एसटीने तळोदा, मग कोठार करत असली गावाकडे जीप. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरडी येतात, तेव्हा या भागाचा बेतच नको.

आता मुख्य गोष्ट, पाणी. सह्याद्रीत गडावर टाकं सापडेल या भरवशावर आपण निघतो, ती सवय इथे घेऊन येऊ नका. दिवाळीनंतर ओढे झपाट्याने आटतात आणि वरच्या टप्प्यात पाण्याचा काहीच नेम नाही, म्हणून माणशी ५ लिटर खालूनच भरून घ्या, म्हणजे ५ किलो तिथेच झाले, आणि बाकीचं सामान त्या हिशोबाने कमी करायचं, पाणी कमी करायचं नाही. आमच्या सॅक १४ किलोच्या आसपास होत्या. दोघांत एकच तंबू, एकच पातेलं, कपड्यांचा जादा जोड नाही. गरम कपडे मात्र कापू नका, दिवसा ऊन लागतं म्हणून लोक फसतात, थंडीच्या लाटेत तोरणमाळ आणि डाब गावाकडे दव गोठतं, तेव्हा चांगली स्लीपिंग बॅग आणि कानटोपी हवीच.

आमच्यातल्या एकाने सगळं पाणी सॅकच्या तळाशी आणि बाहेरच्या कप्प्यांत टाकलं होतं, पहिल्याच चढाला सॅक त्याला मागे ओढायला लागली आणि खांदे भरून आले. सावलीत बसून सगळी सॅक उपसली, स्लीपिंग बॅग तळाला, पाणी आणि शिधा पाठीला चिकटून खांद्यांच्या मधोमध, हलकं सामान बाहेरच्या बाजूला, आणि कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट. वजन तेवढंच होतं पण चाल लगेच बदलली. हे घरीच करा आणि भरलेली सॅक घेऊन चार दिवस जिने चढा.

खायला दशम्या घेतल्या होत्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या, टिकतात आणि चुलीची गरज पडत नाही, सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ. भात-डाळ शिजवायची म्हणजे पाणी जातं, म्हणून रात्री एकदाच खिचडी. शेकोटी अजिबात नको, तेव्हा गवत पार वाळलेलं असतं आणि एक ठिणगी पुरते, लहान गॅस शेगडी न्या आणि भोवतीचं गवत आधी साफ करा.

शिखरावर तंबू लावू नका, ते देवस्थान आहे. आम्ही खालच्या सपाटीवर राहिलो, तेही पाड्यावरच्या लोकांना विचारून, आणि तिथलाच एक दादा वाटाड्या म्हणून घेतला, पैसे आधी मोकळेपणाने ठरवले. हे मी आग्रहाने सांगतोय, गुरांच्या वाटा सगळीकडे फुटतात, मोबाईलला रेंज नसते, आणि कोणत्या ओढ्यात अजून पाणी आहे ते त्यालाच माहीत असतं. पहाटे मोठ्या सॅक एका सोबत्याच्या राखणीत ठेवून हलक्या पाठीने वर गेलो, सूर्य वर आला तशा सातपुड्याच्या रांगा एकामागे एक उघडत गेल्या, मला तिथून हलवेना.

उतरताना घसारा जपा. वाळलेलं गवत आणि त्याखाली सुटे दगड, पाठीवर वजन असलं की पाय सटकतो तो आवरत नाही, आणि चढाला दमलेला माणूस उतारालाच पडतो. काठी हवीच, पावलं आखूड टाका, पट्टे पुन्हा कसा, गुडघे दुखरे असतील तर वेळ दुप्पट धरा. आणि परतीच्या जीपचं जातानाच विचारून ठेवा, दुपार टळली की गाडीचा भरवसा नसतो, मग तळोद्यापर्यंत पायपीट होऊ शकते.