विशेष आभार

मंगळवार, रात्र

माझ्या वर्गातल्या पोरांच्या फिल्मच्या शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव नव्हतं. बास, एवढंच झालंय. एवढ्यावर कुणी रोजनिशी लिहीत बसतं का? बसतं. झोप येत नाहीये, आणि ह्यांना सांगितलं तर ते हसले.

नावं कमी होती असंही नाही. कथा, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, सगळ्या पोरांची नावं. मग विशेष आभार. ज्यांच्या घरात शूटिंग झालं त्या काकू, रविवारी लॅब उघडून देणारे शिपाईमामा, कँटीन, आणि कुणीतरी बुलेटवाला दादा. बुलेटवाल्या दादानं काय केलं, तर टेक चालू असताना बुलेट चालू केली नाही. नाव यायलाच पाहिजे त्याचं. मीच शिकवलंय, जो उपयोगी पडला तो पाटीवर आला पाहिजे.

मग?

फिल्म चांगली झालीय, हेच तर दुखणं. पडली असती तर नाव नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं असतं. गोष्ट एवढीशी: रेशनच्या दुकानात आजीचा अंगठा मशीन घेत नाही. पहिल्या मसुद्यात नातू दुकानदारापुढं दीड पानाचं भाषण ठोकत होता, व्यवस्था, गरिबी, सगळं. मी विचारलं, आजीला काय पाहिजे? पोरं म्हणाली, न्याय. म्हटलं, न्याय पिशवीत घालून कसा आणणार? आजीला तांदूळ पाहिजे. त्यासाठी ती काय करते ते सांगा. पोरं रुसली. मग एके दिवशी ध्वनीवाला पोरगा, जो वर्गात हजेरीपुरतं तोंड उघडतो, म्हणाला, "मॅडम, आमची आज्जी आदल्या रात्री अंगठ्याला खोबरेल चोळून बसायची. मऊ पडतोय म्हणायची."

तिथं फिल्म सापडली. वाटीतलं तेल, भांगलून आणि भांडी घासून सपाट झालेला अंगठा, आणि दुसऱ्या दिवशी मशीनच्या काचेवर नुसता तेलकट डाग. दुकानदार फडक्यानं काच पुसतो. भाषण गेलं ते गेलंच.

मशीनचीही गंमतच. दुकानदारानं खरं मशीन हातात द्यायला नकार दिला, बरोबरच आहे त्याचं. मग पोरांनी जुन्या कॅल्क्युलेटरला काळी टेप गुंडाळली, अंगठ्याच्या जागी बिघडलेल्या माऊसच्या पोटातला लाल दिवा बसवला, आणि 'टूं' आवाज औषधाच्या दुकानातून रेकॉर्ड करून आणला. पडद्यावर कुणाला शंका आली नाही. पहिल्या दिवशीच्या फुटेजमध्ये ट्यूबलाइटनं चित्रावर पट्टे मारले होते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदाला ठेवा म्हणून किती घसा कोरडा केला होता. पुढच्या वेळी ठेवलं.

आणि आजींचा चेहरा. आजी म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या, जन्मात कॅमेऱ्यासमोर न आलेल्या. पोरांनी त्यांचा एकच साधा शॉट घेतला आणि तो फिल्ममध्ये फिरून फिरून वापरला. एकदा मशीननंतर, एकदा रिकाम्या पिशवीनंतर, एकदा रांगेतल्या दुसऱ्या बाईच्या भरलेल्या पिशवीनंतर. माझ्या मागं बसलेलं कुणीतरी म्हणालं, "आजी काय ॲक्टिंग करत्यात बघ!" आजींनी कसली ॲक्टिंग केलीय, त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला सांगितलं होतं. कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकानं शंभरेक वर्षांपूर्वी रशियात हेच केलं, एका नटाचा कोरा चेहरा, कधी सूपच्या ताटलीशेजारी, कधी शवपेटीशेजारी. मी हे वर्गात सांगितलं त्या दुपारी निम्मी पोरं डुलक्या काढत होती. निदान मला तसं दिसत होतं.

म्हणजे मी त्या फिल्ममध्ये आहे. भरपूर आहे. पण पाटीवर नाही. आणि मला पाटीवरच पाहिजे होतं, हे आज कळलं आणि तेच बोचतंय. नाव कशाला पाहिजे? पगार मिळतो. वर्षाला एक तुकडी येते, एक जाते. पुण्यातल्या त्या वर्षात माझं नाव एका पाटीवर यायचं होतं... ते आज नको.

येताना मुद्दाम 'खरी कॉर्नर' चौकातून गाडी घातली. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे तिथं. सिनेमाचा कॅमेरा घरीच बनवायचा म्हणून दोघा भावांची खटपट चाललेली, १९१६ साली आनंदराव गेले, मग बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. दामले, फत्तेलाल, शांताराम, सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आणि १९२९ साली बाहेर पडून या शिष्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. याच कोल्हापुरात, डोळ्यांसमोर! पुढं १९३३ ला ती पुण्याला गेली, आणि त्याच जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट भरते. बाबूरावांना तेव्हा काय वाटलं असेल, असा विचार करत सिग्नलला थांबले. डोळे भरूनही आले थोडेसे.

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तेव्हा भानावर आले. अगं बाई, तुझ्या पोरांनी प्रभात काढलेली नाही. एक ओळ टाईप करायची राहिलीय त्यांची. बाबूरावांच्या शेजारी जाऊन बसायला निघालीस ती कुठल्या तिकिटावर?

आणि खरं सांगायचं तर बाकीच्या कॉलेजांच्या फिल्मा आठवल्या. मा. अध्यक्ष, मा. सचिव, मा. प्राचार्य, प्रेरणास्थान, मार्गदर्शन, आणि गोष्ट सुरू होईपर्यंत प्रेक्षकाचा चहा संपलेला असतो. मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात हेच दाखवून पोरांना हसवते. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर कुणाचंही नाव नको, मोठ्या माणसांचं तर नकोच, हा माझाच दंडक. आता ती पोरं एवढी आज्ञाधारक निघतील असं कुणाला वाटलं होतं? वेळेवर कधी आली नाहीत, हार्ड डिस्क परत आणत नाहीत, पण हे मात्र मनावर घेतलं.

अंतर्गत गुण भरायचेत. ध्वनीवाल्या पोराला सगळ्यांत जास्त देणार आहे, मग दिग्दर्शिका फुरंगटली तरी चालेल. त्यानं आजींच्या घरातली नुसती शांतता वेगळी रेकॉर्ड करून आणली होती, न सांगता. लांबवर कुठंतरी कुकरची शिट्टी आहे त्यात. ती ठेवलीय, छान केलं.

आत्ता साडेअकराला दिग्दर्शिकेचा मेसेज आला. कुठल्याशा महोत्सवाचा फॉर्म भरत बसलीय. "मॅडम, यात मार्गदर्शक शिक्षक म्हणून एक रकाना आहे. तुमचं घालू, का मोकळं सोडलं तरी चालतंय?"

पाच मिनिटं थांबले. लगेच उत्तर दिलं तर बरं दिसत नाही. मग लिहिलं, घाल. आणि नाव कसं लिहायचं तेही पाठवलं, मधल्या नावासकट.