डोळ्यातलं तांबं : थोरल्याच्या आजाराचं निदान

थोरल्याच्या नववीच्या दोन वह्या मी अजून कपाटात ठेवल्या आहेत. एक जूनची, एक नोव्हेंबरची. जूनच्या वहीत इतिहासाची उत्तरं वळणदार अक्षरात, प्रत्येक उत्तराखाली पट्टीनं ओढलेली रेघ. नोव्हेंबरच्या वहीत अक्षरं ओळ सोडून वरखाली पळतात, आणि शेवटच्या पानांवर तर काना कुठला नि वेलांटी कुठली ते ओळखू येत नाही. ती वही शाळेत बाईंनी पाहिली, मी पाहिली, त्याच्या बाबांनी पाहिली. आम्ही सगळे त्याला रागावलो.

हे २०२२ सालचं. त्याला विल्सनचा आजार आहे हे कळायला त्यानंतर सात महिने लागले. साधारण तीस हजारांत एकाला होणारा हा आजार. दुर्मिळ आजारांपैकी फार थोड्यांवर चांगलं औषध आहे, त्यातला हा एक. म्हणून तर ते सात महिने मला अजून सलतात.

आम्ही तासगाव तालुक्यातले. दोन एकर द्राक्षबाग आहे. मी अंगणवाडी सेविका. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. माझी नणंद माझ्या भावाला दिलेली. साटंलोटं. आमच्याकडे यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. आजाराचा आणि याचा संबंध आहे, तो पुढे सांगते.

खरी सुरुवात वहीच्या आधीची. थोरला अकरा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली होती. गावातल्या डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. आत्यांनी शेजारच्या गावातून काविळीची माळ आणली. ती डोक्यावरून घालायची आणि जसजशी लांबत छातीपर्यंत येते तसतशी कावीळ उतरते असं म्हणतात. महिन्यात डोळे पांढरे झाले. माळ विहिरीत सोडली आणि विषय संपला. तेव्हा केलेल्या सोनोग्राफीत 'प्लीहा किंचित मोठी' असं लिहिलं होतं. तो कागद फाईलमध्ये तसाच राहिला.

अक्षर बिघडलं त्याच सुमारास त्याचं बोलणं जड झालं. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं. झोपेत लाळ गळून उशीचा अभ्रा ओला व्हायचा. आमटीची वाटी तोंडापर्यंत नेताना हात थरथरे, म्हणून तो वाटी खालीच ठेवून तोंड वाटीजवळ नेऊ लागला. मी म्हणायची, 'अरे सरळ बसून जेव की.' स्वभाव पालटला. कधी उगाच हसायचा, कधी धाकटीच्या अंगावर धावून जायचा. एका डॉक्टरांनी वयाचा परिणाम म्हटलं. दुसऱ्यांनी मनाचा आजार म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी महिनाभरात मूल लाकडासारखं ताठरलं, मान वळवायची तर अख्खं अंग वळवायचं. नंतर कळलं, या आजारात तसल्या काही गोळ्या मुळीच सोसत नाहीत. मधल्या काळात देवऋषीही झाला. लिंबू, अंगारा, अमावास्या, सगळं. मी आत्यांना दोष देत नाही, मीही सोबत गेले होते.

मे महिन्यात तो अंगणात पडला आणि हनुवटी फुटली. टाके घालायला मिरजेला नेलं. तिथे एक वयस्कर डॉक्टर होते. टाके झाल्यावर ते जाऊ द्यायला तयार नव्हते. त्याला म्हणाले, दोन्ही हात छातीसमोर आण, कोपर बाहेर काढ, बोटं एकमेकांसमोर धर. थोरल्यानं तसं केलं आणि दोन्ही हात पाखरानं पंख फडफडवावेत तसे हलायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, 'याला आधी कधी कावीळ झाली होती का?'

हात थरथरतात त्याचा काविळीशी काय संबंध, असं मला वाटलं. पण सात महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता आणि आम्हीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. आजार डोक्याचा, कावीळ पोटाची, असे दोन कप्पे आमच्याही मनात होते.

त्यांनी लगेच डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथे हनुवटी टेकवून बसायचं यंत्र असतं, स्लिट लॅम्प. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं, मोबाइल लावून फोटो काढला आणि मला दाखवला. बुबुळाच्या अगदी कडेला, काळं संपून पांढरं सुरू होतं तिथे, आतल्या बाजूला सोनेरी-तपकिरी कडं. जुन्या परातीच्या काठावर चढतो तसला रंग. आपले डोळे काळे, त्यामुळे साध्या उजेडात ते कडं दिसत नाही. निळ्या डोळ्यांच्या माणसांत कधी कधी नुसत्या नजरेलाही कळतं म्हणे. त्याला कायझर-फ्लायशर रिंग म्हणतात. कायझरनं १९०२ मध्ये आणि फ्लायशरनं १९०३ मध्ये तिचं वर्णन केलं. सॅम्युअल विल्सन या लंडनच्या डॉक्टरांनी हा आजार १९१२ मध्ये मांडला. एवढं जुनं ज्ञान आणि माझ्या लेकराच्या डोळ्यात ते कडं किती दिवस होतं कोण जाणे.

'हे तांबं आहे,' बाई म्हणाल्या.

तांबं आपल्या सगळ्यांच्या जेवणात थोडं थोडं असतं आणि शरीराला ते लागतंही. जादाचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. ते काम करणारं एक जनुक आहे, एटीपी७बी. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की तांबं बाहेर जात नाही, यकृतात साठत राहतं. आधी यकृत दुखावतं, मग तांबं रक्तातून मेंदूत, डोळ्यात, मूत्रपिंडात शिरतं. मेंदूत हालचाल सांभाळणारा जो खोल भाग आहे तिथे ते जास्त नडतं. म्हणून अक्षर गेलं, बोलणं गेलं, म्हणून लाळ. आणि म्हणूनच अकराव्या वर्षीची कावीळ. एकाच आजाराची ती पहिली खूण होती.

तांबं हा शब्द ऐकल्याबरोबर आत्यांनी भिंतीचा आधार घेतला. कावीळ झाल्यापासून त्या रोज रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवत आणि सकाळी उपाशीपोटी थोरल्याला पेलाभर देत. यकृताला चांगलं म्हणून. तीन वर्षं. आणि त्याचे बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त आपल्या हातांकडे बघत राहिले. डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून बागेवर बोर्डो मिश्रण फवारतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांबंच. त्या दिवसांत त्यांचे हात नि सदरे निळे झालेले असायचे आणि त्याच सदऱ्यानं ते पोराला जवळ घ्यायचे.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. म्हणाले, 'आजी, हंड्यानं हा आजार होत नाही. तुमच्या वाड्यातल्या दहा पोरांनी ते पाणी प्यायलं असतं तर नऊ जणांच्या यकृतानं ते तांबं बाहेर टाकलं असतं. फवारणीनंही होत नाही. हा जन्माला येताना आलेला आहे. मात्र आता हंड्याचं पाणी बंद.' हंडा माळ्यावर गेला. पण आत्या पुढे कितीतरी दिवस नीट जेवल्या नाहीत. हे असं घरात काही निघालं तर घरच्या माणसांचं मनही कुणीतरी असं समोर बसवून सांभाळलं पाहिजे.

कड्यावरून संशय पक्का झाला तरी तपासण्या लागतात. रक्तात सेरुलोप्लाझमिन नावाचं तांबं वाहून नेणारं प्रथिन मोजतात. ते २० च्या वर हवं, याचं ७ आलं. मग चोवीस तासांची लघवी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतचा थेंब न् थेंब प्रयोगशाळेनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये जमवायचा. धातूचं भांडं मध्ये कुठे लागू द्यायचं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आईसमोर हे करायचं म्हणजे किती लाज. रविवार धरला आणि त्याच्या बाबांनी पूर्ण दिवस बाग सोडून त्याच्याबरोबर काढला. पहिल्यांदा कॅन कलंडला. पुढच्या रविवारी पुन्हा. चोवीस तासांत तांबं १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर आजाराकडे बोट दाखवतं. याचं ४१२ निघालं. एमआरआयही केला, त्यात मेंदूच्या खोल भागात दोन्ही बाजूंना सारखेच बदल दिसले.

उपचार पुण्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू झाले. औषधाचं नाव पेनिसिलामाइन. हे तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. जॉन वॉल्श या इंग्लंडच्या डॉक्टरांनी १९५६ मध्ये ते या आजारावर आणलं, त्याआधी या मुलांसाठी फारसं काही नव्हतं. कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायची, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सोबत बी-६ ची गोळी. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त आणि लघवी तपासायची, कारण औषधानं रक्तपेशी कमी होऊ शकतात किंवा लघवीतून प्रथिन जाऊ शकतं. अंगावर पुरळ, ताप आला तर लगेच कळवायचं.

आणि डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. मेंदूवर परिणाम झालेल्या काही रुग्णांत औषध सुरू केल्यावर लक्षणं आधी वाढतात. त्यांनी डोस अगदी कमी ठेवून सुरुवात केली, तरी तिसऱ्या आठवड्यात थोरल्याचं बोलणं पूर्ण बंद झालं. पाणी पिताना ठसका लागे. तो माझ्याकडे बघायचा, ओठ हलवायचा आणि आवाज यायचा नाही. नातेवाईक म्हणाले, औषधच बंद करा, पोर हातचं जाईल. आधी सांगितलं नसतं तर मी बंद केलंही असतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस आणखी कमी केला, महिनाभर तिथेच ठेवला, मग मुंगीच्या पावलानं वाढवला.

त्या काळात स्वयंपाकघर बदललं. आमच्या प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट. ते बंद. तीळ, काजू, चॉकलेट, मश्रूम, कलेजी, खेकडे बंद. कूट न घालता वांग्याची भाजी करायला मी चाळिसाव्या वर्षी शिकले. पहिलं वर्ष कडक पाळलं, आता डॉक्टरांनी थोडी मोकळीक दिली आहे. पण पथ्य हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. औषध जन्मभर. बरं वाटतंय म्हणून सोडलं तर यकृत अचानक निकामी होऊ शकतं. तालुक्याच्या दुकानात ही कॅप्सूल मिळत नाही, सांगलीहून मागवावी लागते आणि कधी कधी तिथेही नसते. म्हणून घरात महिनाभराचं औषध जादा असतंच. किराण्यातलं काही कमी पडलं तरी चालेल, तो डबा रिकामा होऊ देत नाही.

सहाव्या महिन्यात एका सकाळी चुलीपुढे असताना मागून आवाज आला, 'आई, भूक.' दोनच शब्द, तेही जड. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून उठले.

आता धाकटीचं. निदान झालं त्याच दिवशी मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, भावंडं किती? बिघडलेल्या जनुकाची एक प्रत माझ्याकडे, एक त्याच्या बाबांकडे. आम्हाला दोघांनाही काही त्रास नाही, कारण आमच्याकडे दुसरी प्रत चांगली आहे. पण अशा आईबापांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. मी आणि हे एकाच आजी-आजोबांचे, म्हणून दोघांकडे तोच बिघाड आलेला. जनुकाच्या तपासणीत तसंच निघालं. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची, वर्गात पहिली, कबड्डी खेळणारी. तिला तपासायचं म्हटल्यावर घरात सगळे माझ्यावर उलटले. एका पोराचं दुखणं आहे तेवढं पुरे नाही का, चांगल्या पोरीला कशाला सुया टोचता, उद्या तिचं लग्न कसं व्हायचं. मी अंगणवाडीत दर महिन्याला दुसऱ्यांची पोरं तोलते, दंडाचा घेर मोजते. माझ्या पोरीला मी न तपासता ठेवणार नव्हते. मी एकटी तिला घेऊन एसटीनं मिरजेला गेले.

तिलाही आहे. सेरुलोप्लाझमिन ९. डोळ्यात कडं नाही, हाताला थरथर नाही, फक्त यकृताचे आकडे थोडे वाढलेले. तिला झिंक सुरू केलं, त्यानं आतड्यातच तांबं अडतं. ती गोळीही उपाशीपोटीच. शाळेच्या दप्तरात छोट्या डबीत दुपारची गोळी असते आणि ती घड्याळ बघून स्वतः घेते. आज ती बारा वर्षांची आहे आणि तिला कसलंही लक्षण नाही. थोरल्याचं एक वर्ष गेलं. दहावीला तो लेखनिक घेऊन बसला आणि पास झाला. बोलणं अजून थोडं सावकाश आहे. सही मात्र स्वतः करतो, आणि शेवटी खाली रेघ ओढतो.

राहिलं माझ्या भावाचं घर. तिथेही तेच आजी-आजोबा, तीच दोन घराणी. डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं की त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता सोळात एक. आमच्या घरातला बिघाड नेमका माहीत असल्यानं त्यांची तपासणी सोपी आहे. दोन वर्षं मी वहिनीच्या मागे लागले होते आणि दोन वर्षं ती विषय टाळत होती. शेवटी आत्याच एकदा तिच्याकडे आठ दिवस राहून आल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. गेल्या मंगळवारी वहिनी दोन्ही मुलांना घेऊन मिरजेच्या स्टँडवर उतरली. रक्त देऊन झालं. रिपोर्ट यायचे आहेत.