आठ आयपी कॅमेऱ्यांची जोडणी: केबलपासून रेकॉर्डिंगपर्यंत माझा अनुभव

आठ आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवरून चित्र पाठवणारे), एक आठ पोर्टांचा पीओई स्विच (त्याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीजही देणारा) आणि एक एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र), एवढंच सामान होतं. आधी सगळ्या केबल ओढल्या, टोकं लावली, तपासली आणि मगच कॅमेरे भिंतीवर चढवले. कॅमेरा चढवल्यावर मागचा कनेक्टर उघडायचा म्हटलं की पुन्हा शिडी लावा, स्क्रू काढा, अँगल नव्याने जुळवा.

केबल कॅट-६ घेतली, अस्सल तांब्याची. बंडलवर ‘सीसीए’ दिसलं तर ते नको. ती आतून ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा फक्त मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडा: आत पांढरी चमक दिसली तर ॲल्युमिनियम, लालच राहिली तर तांबं. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे लांब केबलवर व्होल्टेज पडतं, शिवाय दोनचार वेळा वाकवली की तार तुटते. स्विच ते कॅमेरा अंतराची मर्यादा पॅच कॉर्ड (टोकांना जोडायच्या छोट्या तयार केबल) धरून १०० मीटर. भिंतीतली केबल मी ९० मीटरच्या आत ठेवली. विजेच्या वायरीला समांतर जाताना ३० सेंटिमीटर अंतर सोडलं, ओलांडायची वेळ आली तिथे काटकोनात ओलांडली. दोन्ही टोकांना एकच नंबर लावला, तोही ओढायच्या आधी.

कनेक्टर लावताना सगळ्यात फसवी चूक होते. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीला मध्ये घेऊन कनेक्टरच्या ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर जाते, ते मुद्दाम आहे. रंग नीटनेटके दिसावेत म्हणून कुणी दोन्ही टोकांना नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावल्या, तर साध्या टेस्टरवर १ ते ८ दिवे व्यवस्थित लागतात आणि केबल पास वाटते. पण ३ आणि ६ च्या तारा आता वेगवेगळ्या जोड्यांतल्या असतात, पिळाचा उपयोग संपतो आणि चित्र अडकतं, मधूनच जातं. म्हणून दिव्यांवर विसंबून न राहता रंग डोळ्यांनी तपासावेत. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलंच पाहिजे.

दिवसभर आठही कॅमेरे चालले. अंधार पडताच एक बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. केबल बदलण्याआधी स्विचचं एकूण पॉवर बजेट बघा. पोर्टला ३० वॅट लिहिलेलं असलं तरी सगळ्या पोर्टांना मिळून ६० वॅटच असू शकतात. दिवसा ४ वॅट घेणारा कॅमेरा आयआर (अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागल्यावर ८ वॅट घेत असेल, तर आठांचे ३२ चे ६४ होतात आणि स्विच एकाचा पुरवठा तोडतो. खात्री करायला रात्रीची वाट बघायची गरज नाही. सगळ्या कॅमेऱ्यांचा नाइट मोड सेटिंगमधून एकदम चालू करून अर्धा तास ठेवा. मोठ्या बजेटचा स्विच हाच यावरचा खरा उपाय.

नवे कॅमेरे बहुधा एकाच आयपी पत्त्यावर येतात, त्यामुळे एकेक जोडून प्रत्येकाला वेगळा पत्ता आणि नवा पासवर्ड दिला. घड्याळ एनव्हीआरशी जुळवलं. हार्ड डिस्कचा हिशोब सोपा आहे: ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी भरतो, आठ मिळून सुमारे ३४६ जीबी. पंधरा दिवसांचं सलग रेकॉर्डिंग हवं तर ५.२ टीबी, म्हणजे ६ टीबीची डिस्क, तीही चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली.

बाहेरच्या कॅमेऱ्यांचे जोड बंद बॉक्समध्ये घेतले आणि केबल बॉक्सच्या खालून आत नेली. शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. कनेक्टरची जलरोधक टोपी क्रिम्प करण्याआधी (कनेक्टर केबलवर दाबून बसवण्याआधी) केबलवर ओवावी लागते. ती राहिली तर कनेक्टर कापून पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून टोकाला निदान अर्धा मीटर केबल जास्तीची ठेवा.