आईच्या टीबीच्या गोळ्या आणि आधारवरचं गाव

आईचा टीबी बरा झाला. शेवटची थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, भूक परत आली, गळ्याशी सैल झालेले ब्लाउज पुन्हा अंगाला बसायला लागले. तरी टीबी केंद्राच्या खिडकीवर ऐकलेलं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: "ताई, आधार चिपळूणचं आहे ना, मग गोळ्याही चिपळूणलाच घ्या."

बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे मुंबईत असते. संध्याकाळचा बारीक ताप, न थांबणारा खोकला, उतरलेलं वजन, सगळं होतं. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून थुंकी सीबीनॅटला पाठवली. हे मशीन साधारण दोन तासांत जंतू आहेत का तेही सांगतं आणि ते रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतात का तेही. आईचे देत होते. सहा महिन्यांचा नेहमीचा कोर्स पुरणार होता, तेवढं एक बरं झालं.

टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खाजगी डॉक्टरांनाही 2012 पासून बंधनकारक आहे. डॉक्टरांनी ती केली, निक्षय आयडी (सरकारच्या टीबी नोंदणीतला रुग्णाचा नंबर) हातात दिला आणि म्हणाले, "गोळ्या महापालिकेच्या केंद्रातून फुकट मिळतात, कशाला विकत घेता?"

आणि इथे आम्ही अडकलो.

केंद्रातल्या माणसाने आयडी टाकला आणि मान हलवली. नाव अजून खाजगी दवाखान्याकडेच दिसतंय, त्यांनी ट्रान्सफर करायला हवं. दवाखान्यात फोन केला तर "आम्ही कधीच केलंय." पुन्हा खिडकीवर, तर "आमच्याकडे आलेलं नाही." दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते आणि मध्ये माझी बेचाळीस किलोची आई, तोंडाला मास्क लावून जिन्याच्या पायरीवर बसलेली. तिच्यासमोर "पेशंटला आत आणू नका" हेही ऐकून घेतलं. तिला सकाळपासून पोटात फक्त चहा आणि बिस्कीट होतं.

घोळ शेवटी असा निघाला. नोंदणीच्या वेळी पत्ता आधारवरून भरला गेला, त्यामुळे आईचं नाव ट्रान्सफर होऊन थेट चिपळूणला जाऊन पडलं होतं. तिकडे रुग्णच पोचला नाही म्हणून कुणी ते पुढे सरकवलं नाही. मुंबईवाले म्हणाले, चिपळूणहून परत पाठवायला सांगा. मामा तिथल्या केंद्रात गेले, तर त्यांना सांगितलं, पेशंटला घेऊन या. श्वास लागणाऱ्या बाईला एसटीत बसवून तपासणीसाठी नव्हे, तर संगणकातल्या एका नोंदीसाठी गावी न्यायचं? मला त्या दिवशी रडू आलं ते रागाने.

तोवर गोळ्या केमिस्टकडून विकत आणत होते. चार औषधांची एकत्र गोळी, आईच्या वजनाला रोज तीन. हे मी मुद्दाम सांगते: कागदपत्रांचा कितीही गुंता झाला तरी गोळी चुकवू नका. अर्धवट औषधाला जंतू सरावतात आणि मग सहा महिन्यांचा आजार साध्या गोळ्यांना न जुमानणारा होतो. डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा, त्याशिवाय केमिस्ट या गोळ्या देत नाही.

सुटका केली ती एका हेल्थ व्हिजिटर, म्हणजे टीबी रुग्णांकडे लक्ष देणाऱ्या आरोग्य कर्मचारी बाईंनी. मी निक्षयच्या 1800-11-6666 या फुकट नंबरवर तक्रार नोंदवली होती, आणि त्याच दिवशी या बाई केंद्रात भेटल्या. त्या उभ्याउभ्याच चिपळूणच्या सुपरवायझरशी फोनवर बोलल्या, नाव मागवून घेतलं, आणि माझा चहा संपायच्या आत आईचं कार्ड तयार झालं. त्या म्हणाल्या, "पेशंट राहतो तिथे गोळ्या मिळाल्या पाहिजेत. आधार पैशांच्या कामाला, औषधासाठी नाही अडवायचं." हे वाक्य पहिल्याच दिवशी कुणी बोललं असतं तर! म्हणून नोंदणी होत असतानाच सांगा की सध्याचा पत्ता मुंबईचा लिहा, आणि कुठल्या केंद्राकडे ट्रान्सफर केलं त्याचं नाव लिहून घ्या. खिडकीवर अडलात तर हेल्थ व्हिजिटर कोण आहेत ते विचारा.

पुढचे महिने तुलनेने सरळ गेले. लघवी केशरी झाल्यावर आई घाबरली होती. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, हे आधीच सांगून ठेवा. जास्त त्रास दिला तो शुगरने. आईला मधुमेह आहे, आणि मधुमेह असला की टीबीचा धोका दोन-तीन पट वाढतो. त्यात रिफाम्पिसिनमुळे तिच्या ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीचा जोर कमी पडायला लागला, साखर चढली, काही काळ इन्सुलिन घ्यावं लागलं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या दाखवा. पायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-सिक्सची गोळीही सोबत असते, ती फालतू समजून बंद करू नका.

थुंकीचं राहिलंच. सकाळची, खोल खोकून काढलेली हवी. नुसती लाळ चालत नाही. डबी उघड्या हवेत, माणसांपासून लांब भरा. आणि आधी कुणी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण त्याने टीबी काही काळ दबतो आणि निदान लांबतं.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. कुणाला टीबी नाही याची खात्री करून आम्हाला आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या. मुलगा कुरकुरला, पण मी एकही चुकू दिली नाही. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 चे 1000 झाले आहेत; ते थेट खात्यात येतात, म्हणून रुग्णाच्या नावाचं खातं चालू आहे ना ते आधी बघा.

गणपतीला आईला गावी जायचंच होतं. त्या हेल्थ व्हिजिटर बाईंनी तेवढ्या दिवसांच्या गोळ्या आधीच मोजून दिल्या, कार्डावर तशी नोंद केली आणि चिपळूणच्या केंद्राचा नंबरही लिहून दिला. गावी जाणार असाल तर निदान आठवडाभर आधी केंद्रात सांगा, आयत्या वेळी साठा असेलच असं नाही.