प्लॉट कितव्या दिवसात आहे?

द्राक्षबागेत बसवायचं हवामान केंद्र विकायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधी मी पिंपळगाव बसवंतच्या एका कृषी सेवा केंद्रात काउंटरमागे बसायची परवानगी मागून घेतली. ऑक्टोबर छाटणीचा हंगाम होता, दुकानात सकाळपासून बागाईतदारांची रीघ. मी ऐकायचो आणि वहीत उतरवायचो.

तारीख तिथे कुणीच बोलत नाही. "बाराव्या दिवसात आहे, पोंगा सुटलाय," एवढंच. दिवस छाटणीपासून मोजायचे, हे गृहीतच; पोंगा म्हणजे नुकता फुटलेला कोंब. तेवढ्यावरून दुकानदार औषध काढून देतो. पोंग्यात हवा ढगाळ राहिली की घड जिरायची, म्हणजे वाढायच्या आधीच नाहीसा व्हायची धास्ती, फुलोऱ्यात पाऊस आला की कुजीची. डाऊनी आणि भुरी (दोन्ही बुरशीचे रोग), डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), पीएचआय (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत ठेवायचे दिवस) हे शब्द रोजच्या बोलण्यातले. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्या तडाख्यानंतर रेसिड्यूबद्दल निर्यातदार बागाईतदार आमच्या इंजिनिअरपेक्षा नेमकं बोलतो.

आमच्या पत्रकात मात्र 'पर्णआर्द्रता कालावधी' असं छापलेलं. ते मी नव्याने लिहून घेतलं: 'पान किती तास ओलं राहिलं'. डाऊनीला डाऊनीच ठेवलं. गावात विकायचं म्हणजे सगळं शुद्ध मराठीत आणायचं, ही समजूत मला अजिबात पटत नाही. ॲपमध्येही छाटणीची तारीख टाकली की पुढचे दिवस मोजून दिसतील, अशी सोय करवून घेतली.

मग निफाड तालुक्यातली ती बैठक. रात्री पाऊस झालेला, सगळ्यांचा जीव बागेत अडकलेला. एक आबा उभे राहिले.

"साहेब, वापसा नाही, जमीन चिखल आहे. ट्रॅक्टर आत जाईना. तुमचं यंत्र डाऊनी येणार म्हणेल, पण मी फवारू कसा?"

"आबा, प्लॉट कितव्या दिवसात?"

"अठ्ठावीस. दोडा आहे, फुलोरा अजून यायचाय."

शेजारच्या शिवारात आमचं चाचणीचं केंद्र होतं. मोबाइलवर त्याची नोंद उघडून त्यांच्या हातात दिली. पानं रात्रभर ओली होती, अजून सुकली नव्हती. "वापशाची वाट बघण्यात आजचा दिवस जाईल. धुरळणी आज उरकता आली तर बघा, ब्लोअर नंतर फिरवा. औषध मात्र तुमच्या सल्लागाराला विचारून," मी म्हणालो. धुरळणी म्हणजे औषधाची कोरडी भुकटी उडवणं, तिला ट्रॅक्टर आत न्यावा लागत नाही; ब्लोअर हा ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंप.

आबांनी नोंद वरपासून खालपर्यंत पाहिली, मुलाला फोन लावून धुरळणीचं सांगितलं आणि मग मला विचारलं, "खांब कुठे रोवणार?"

"बांधाजवळ, रस्त्याच्या बाजूला."

"तिथे नको. नाल्याच्या अंगाला दव उशिरा उठतं. माझ्याकडे डाऊनी दर साली तिथूनच चालू होते."

बैठक संपल्यावर चिखल तुडवत आम्ही ती जागा बघून आलो. ऊन चढलं होतं, तरी तिथली पानं ओलीच होती. निम्मे पैसे आता, निम्मे द्राक्षांचा माल विकला गेल्यावर, असं ठरलं. आमच्या पाहणीच्या फॉर्मात तेव्हापासून एक प्रश्न वाढला आहे: बागेत दव सगळ्यात उशिरा कुठे उठतं?